कातडे आणि चामडे यांच्यामध्ये ‘कमावणे’ आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतील शब्दकोड्यात उभा शब्द ९ असा होता : ‘चामडे (३)’. या रविवारी उत्तर आले : ‘कातडे’. आपले कोडे मी दर रविवारी सकाळच्या चहाबरोबर सोडवतो. उत्तर मला आधीच कळले होते, कारण दुसरे काही त्या घरांत बसतच नव्हते. तरीही पेन तिथे अडले आणि ती तीन घरे मी रिकामी ठेवली. ती का ठेवली, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी राजापूर तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३६ वर्षे शिकवून निवृत्त झालो. आमचे घराणे चर्मकाराचे. आजोबा कातडी कमावत. वडील वहाणा शिवत, गावची पायताणे सांधत आणि भात झोडून झाले की घरोघर जाऊन बलुते आणत. मी चौथीत असताना गुरुजींनी समानार्थी शब्द लिहायला सांगितले होते. पाटीवर मी लिहिले, ‘चामडे – कातडे’. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला. शाबासकी घेऊन घरी आलो आणि पाटी पुसू न देता आजोबांना वाचून दाखवली. त्यांना अक्षर येत नव्हते, पण ऐकून ते म्हणाले, “कुनी सांगितलान रे तुला? कातडं बैलाच्या आंगावर येतंय. चामडं मानसाच्या हातानं व्हतंय.” आणि पाटी तशीच माझ्या हातात ठेवून मला खाली पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, घेऊन गेले.

तिथे त्यांचे काम चाले. मीठ चोळून घडी घातलेले कातडे आधी वाहत्या पाण्यात धुवायचे. मग चुन्याच्या खड्ड्यात. हा चुना आमच्याकडे खाडीतले शिंपले भाजून केलेला असे. आठ-दहा दिवसांनी केस सैल होत. मग कातडे एका तिरक्या ओंडक्यावर पसरून दोन मुठींच्या बोथट पात्याने वरचे केस आणि आतली चरबी खरवडायची. पुन्हा धुवायचे, चुना पार निघेपर्यंत. इथवर ते कातडेच. त्यानंतरचे काम मात्र मी आयुष्यात विसरलो नाही. आजोबा त्या कातड्याच्या कडा जाड दोऱ्याने शिवून त्याची पिशवी करत, ती लाकडाच्या घोडीला टांगत आणि आत हिरडा आणि ऐनाची साल कुटून केलेले पाणी भरत. पिशवी फुगून जड होई आणि तिच्या अंगातून ते तांबूस पाणी थेंब थेंब खालच्या मडक्यात गळे. मडके भरले की ते पाणी परत वर ओतायचे. शाळेतून आल्यावर ते ओतण्याचे काम माझे. काही दिवसांनी पिशवी उलटी करून टांगायची, म्हणजे वरची बाजूही नीट मुरते. माझे हात कोपरापर्यंत तपकिरी होत आणि शाळेत मुले त्यावरून बोलत. पण शेवटी टाके उसवून, सावलीत वाळवून, तेल चोळून ती वस्तू आजोबांनी माझ्या हातात दिली, तेव्हा तिला कुजका वास नव्हता. ती दुमडत होती आणि दुमडून मोडत नव्हती.

हा फरक नुसता नावाचा नाही. कच्चे कातडे ओले राहिले तर सडते, वाळले तर फळीसारखे ताठ होते. हिरड्यातला आणि सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतो, म्हणून पुढे ते भिजले तरी सडत नाही आणि वाळले तरी मऊ राहते. महिना-सव्वा महिना एक माणूस त्याच्याशी झटतो, त्या झटण्याला मराठीत शब्द आहे ‘कमावणे’. पैसा कमावतात, शरीर कमावतात, नाव कमावतात, त्याच क्रियापदाने कातडे कमावतात. मुळाशी ‘कर्म’ आहे, प्राकृतात त्याचे ‘कम्म’ झाले. ज्या भाषेने या कामाला पैशाच्या आणि नावाच्या पंगतीला बसवले, त्या भाषेत चामडे आणि कातडे एकच म्हणणे म्हणजे मधला महिनाभर पुसून टाकणे. संपादक महाराज, माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मनापासूनचा आहे.

दोन्ही शब्दांची घराणीही वेगळी आहेत. कातडे आले ‘कृत्ति’पासून, म्हणजे कापून, सोलून काढलेली त्वचा. गजासुराचे कातडे पांघरणारा शंकर म्हणून कृत्तिवास. त्याच कृत्तीची दुसरी लेक म्हणजे सापाची ‘कात’. आपल्या अंकात महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी बसस्थानकाने कात टाकलेली असते, ती हीच.

पण कोकणात दुसरीही एक कात आहे, किंवा खरे म्हणजे कात आहे तो. पानाला लावतात तो कात. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून त्याचा काढा आटवतात, म्हणून संस्कृत ‘क्वाथ’वरून हा कात झाला. तो पाडणारे ते कातकरी. सापाच्या कातीशी त्यांचा काही संबंध नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे, कारण दरवर्षी एखादे मूल तसे विचारीच. मौज अशी की शब्द वेगळे असले तरी वस्तू एकमेकींना भेटतात. खैराचा कातही तुरट, आणि त्यानेही कातडे कमावता येते. आमच्या किनाऱ्यावर नायलॉनची जाळी येण्यापूर्वी मच्छिमार सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवत, का तर खाऱ्या पाण्यात सूत कुजू नये. म्हणजे पऱ्यावर आमचे आजोबा आणि पुळणीवर कोळी, दोघेही एकाच झाडाची साल कुटत होते आणि दोघांची खटपट एकच होती : कुजणारे टिकवायचे. लहानपणी बंदरावर गेलो की रंगवून वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास मला घरच्यासारखा वाटे. तो का वाटे, हे फार उशिरा कळले.

चामडे आले ‘चर्म’पासून. हा फार जुना आणि फार फिरलेला शब्द. फारसीतही चामड्याला ‘चर्म’च म्हणतात, आणि तो तिकडून इकडे किंवा इकडून तिकडे गेलेला नाही, दोन्हीकडे एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. चंबळ नदीचे जुने नाव चर्मण्वती. संस्कृतात चर्म म्हणजे ढालसुद्धा, कारण ढाल कातड्याचीच असे. स्मृतिग्रंथांत ‘गोचर्म’ हे जमिनीचे माप आहे. आणि ऋग्वेदात चामडे कमावणाऱ्याला शब्द आहे, ‘चर्मम्न’. इतक्या जुन्या काळी या कारागिराची नोंद आहे हे मी निवृत्तीनंतर वाचले. आजोबांना सांगायला ते राहिले नव्हते. चर्मकार, चम्मआर, चांभार, असा पुढचा प्रवास. शब्द झिजत झिजत आला, यात त्याचा काही दोष नाही. तो ज्या स्वरात उच्चारला गेला, दोष त्या स्वराचा.

आपण रोज बोलतो त्या किती शब्दांत चामडे दडले आहे, हे पाहिले की मन भरून येते. वहाण म्हणजे संस्कृतातली ‘उपानह्’. वादी म्हणजे ‘वर्ध्री’, चामड्याची पट्टी. ती वहाणेला असते, मृदंगाला असते. लोहाराचा भाता म्हणजे ‘भस्त्रा’, चामड्याची हवेची पिशवी. सकाळी टीव्हीसमोर बसून भस्त्रिका करणाऱ्यांच्या नाकात तोच भाता चालतो. तेलातुपाचा बुधला चामड्याचा. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याची मशक बकऱ्याच्या चामड्याची, आणि तहानलेल्याला पाणी देतो म्हणून त्याचे नाव ‘बिहिश्ती’, स्वर्गातला. विहिरीतून पाणी उपसायची चामडी मोट मात्र घाटावरची. आमच्या कोकणात रहाट आणि लाट (पाणी उपसायची तरफ) यांवर भागत असे, म्हणून या कामाचे शब्द मी ज्या वहीत टिपतो तीत मोटेचे शब्द लिहून घेतले नाहीत.

पखालीची म्हण सर्वांना ठाऊक आहे : दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. पण वर्गात विचारले तर पखाल म्हणजे काय हे चाळीस मुलांत एकाला सांगता येत नसे. रेड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी पाण्याची मोठी चामडी पिशवी, ती पखाल. आणि हा डाग म्हणजे ठिगळाचा किंवा मळाचा नव्हे. जनावर आजारी पडले की तापलेल्या लोखंडाने डागत, तो डाग. तापलेली सळई रेड्याला लावायची ती पखालीला लावली, म्हणजे रेडा बरा झाला नाहीच आणि पाणीही गेले. आता मुले ‘आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला’ म्हणतात. म्हशीवर, इंजेक्शनवर माझा राग नाही, भाषा अशीच चालते. पण पखाल कळली नाही तर पाणी वाहून गेल्याचे चित्र डोळ्यांपुढे येत नाही, आणि म्हणीतला अर्धा जीव जातो.

शिमग्यात कोणी आमच्या बाजूला आले असेल तर त्यांनी पाहिले असेल. पालखी देवळातून उठायच्या आधी ढोल विस्तवाशी नेतात. पेंढ्याचा जाळ करून ढोलकरी ढोलाचे तोंड जाळाकडे धरतो, हळूहळू फिरवतो, मधूनच बोटाच्या टोकाने टिचकी मारून कान लावतो. रात्रीच्या दवाने कातडे सैल पडलेले असते. आधी ‘धप्’ असा बसका आवाज येतो. थोडे तापले की तोच आवाज वर चढतो, घुमतो, आणि एक वेळ अशी येते की ढोलकरी मान डोलावतो आणि उठतो. त्या एका टिचकीसाठी मी अजूनही होळीच्या रात्री जागा राहतो. माझे वडील गावचा ढोल मढवत. ‘मढवणे’ हा पुन्हा आमचाच शब्द. देवाची मूर्ती चांदीने मढवतात, दागिना सोन्याने मढवतात, ढोल कातड्याने मढवतात. नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, मृदंगाची वादी ओढताना वडील एक पाय खोडावर रोवत आणि ओठ आवळून धरत. वादी जागेवर बसली की मगच श्वास सोडत. वाजवणाऱ्याचे नाव गावभर होई.

जरा दक्षिणेला, गोव्याकडे आणि सिंधुदुर्गाच्या टोकाला, आरतीला घुमट वाजतो. मातीच्या मडक्यासारखे हे वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. आता बकऱ्याचे कातडे लावतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. घोरपड वाचली, घुमटही वाचला. हे फार चांगले झाले.

आता थोडे कडू, पण तेही सांगितलेच पाहिजे. या एकाच वस्तूची मराठीने माणसांप्रमाणे उतरंड लावली आहे. मुंजीतल्या बटूच्या अंगावर असते तेव्हा ते मृगाजिन. साधूच्या आसनाखाली व्याघ्रचर्म. मैफलीत चर्मवाद्य, दवाखान्यात चर्मरोग. आमच्या अंगणात आले की कातडे, आणि कोणाला दम भरायचा असला की चामडी लोळवणे. वरच्या पायरीला संस्कृत, खालच्या पायरीला मराठी. अलीकडे उतरंडीच्या वर आणखी एक मडके आले आहे, ‘लेदर’. शहरातल्या दुकानात ‘चामड्याचा पट्टा दाखवा’ म्हटले, तर पोरगा माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “लेदरचा पाहिजे का काका?” किंमत लेदरला, आणि नाक मुरडणे चामड्याला. वर त्याने दाखवलेला पट्टा रेक्झिनचा होता. मी तो नखाने दुमडून पाहिला, दुमडीवर पापुद्रा सुटला. आपल्या जाहिरातींच्या पानावरही रेक्झिनच्या सोफ्याला लेदरचा म्हटलेले मी पाहिले आहे.

१९७२ साली मला अध्यापक विद्यालयात जागा मिळाली. तेव्हा गावातले एक वजनदार गृहस्थ तुटलेली वहाण घेऊन आमच्या ओटीखाली उभे होते. बातमी त्यांना कळली होती. वडील खाली मान घालून त्यांच्या वहाणेचा अंगठा शिवत होते. गृहस्थ म्हणाले, “शिकवा हो, पण पायातली वहाण पायातच बरी.” मी दारात होतो. वडिलांची आरी क्षणभर थांबली. मग त्यांनी टाका पुरा केला, गाठ मारली, रापीने दोरा कापला, वहाण फडक्याने पुसून त्यांच्या पायाशी ठेवली. पैसे घेतले नाहीत. ते गृहस्थ गेल्यावर मला विचारले, “पुस्तकं कधी आणायची म्हणतोस?”

३६ वर्षांत ती म्हण मी फळ्यावर लिहिली नाही. म्हणींच्या यादीत ती आली की मुलांना आधी विचारायचो, वहाणेला किती भाग असतात? तळ, टाच, पट्टा, अंगठा, कान. सगळे मिळून बोलत. मग विचारायचो, यातला प्रत्येक भाग कोणी कापला, कोणी शिवला? एवढे झाल्यावर ती म्हण कोणी पुन्हा हसत म्हणत नसे.

आमच्या घरी वापरात असलेल्या आणखी एका वचनाबद्दल लिहितो, कारण तेही लोक चुकवतात. ‘मन चंगा तो कटोरी में गंगा’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मूळ वचन ‘कठौती में गंगा’ असे आहे आणि परंपरेने ते संत रोहिदासांचे मानले जाते. कठौती म्हणजे लाकडी पात्र, आपल्या काथवटीची बहीण. चर्मकार कामाला बसतो तेव्हा चामडे भिजत ठेवायला पाण्याने भरलेले असे पात्र त्याच्या गुडघ्याशी असते. गंगा आली ती त्या पाण्यात. कटोरी म्हटले की ती गंगा कोणाच्याही ताटाशेजारी येऊन बसते, आणि रोहिदासांनी ज्या पाण्यासाठी ते म्हटले ते पाणी नाहीसे होते. माघी पौर्णिमेला आमच्या वाडीत उत्सव असतो. तेव्हा फलकावर हे वचन लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, आणि मी ‘कठौती’च लिहितो.

आजोबांचे खड्डे कधीच बुजले. वडील नंतर कोल्हापुराहून अणुस्कुरा घाटाने आलेले तयार चामडे घेत. त्यांच्यामागे ते काम आमच्या घरात थांबले. माझा मुलगा पुण्यात आहे, चांगल्या नोकरीत आहे, आणि ते काम सुटले याचे मला दुःख नाही. त्या कामाबरोबर अपमानही होता, तो सुटला हे बरेच झाले. पण शब्द सुटू नयेत. १९७४ पासून राज्यात चर्मोद्योगासाठी महामंडळ आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तूची काळजी कोणीतरी घेते आहे. शब्दांची काळजी वर्तमानपत्राने नाही घ्यायची तर कोणी? माझ्या वहीत १६० च्या वर शब्द जमले आहेत, बहुतेक आमच्या वाडीतल्या वयस्कर माणसांच्या तोंडून घेतलेले. त्यांतली तीन माणसे मागच्या दोन वर्षांत गेली. ती वही मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. पुरवणीत आठवड्याला एक चौकट मिळाली तर कोळ्यांचे, कुंभारांचे, सुतारांचे, माडावर चढणाऱ्यांचे शब्दही त्यात लोक पाठवतील, अशी माझी खात्री आहे.

तोवर एक छोटी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. ‘कातडे : जनावराच्या अंगावरून उतरवलेले, अजून न कमावलेले. चामडे : कमावलेले कातडे.’ एवढेच पुरे आहे. आणि कोडे तयार करणाऱ्यांना तोच शब्द पुन्हा वापरावासा वाटला, तर सूचक असे द्यावे : ‘कमावण्याआधीचे चामडे (३)’. त्या रविवारी ती तीन घरे मी भरीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी